औषधांच्या दुकानातील पाचशे तास

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

डॉक्टर घडवावयाचा तर त्याला रुग्णालयात रुग्णाच्या खाटेशी उभे करावे लागते, हे आपण सर्व जण जाणतो. परिचारिकेचे शिक्षणही रुग्णाच्या सान्निध्यातच पुरे होते. परंतु डॉक्टरांनी लिहिलेले औषध ज्याच्या हातून अखेरीस आपल्या हातात पडते, त्या औषधतज्ज्ञाचे, म्हणजे फार्मासिस्टचे, शिक्षण कोठे आणि कसे पुरे होते, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आपल्या गल्लीतल्या ‘मेडिकल’मध्ये एखादा तरुण मुलगा किंवा मुलगी पांढरा कोट घालून उभी असते, आपण चिठ्ठी पुढे करतो, पैसे देतो, पिशवी घेतो आणि निघतो. तो विद्यार्थी तेथे काय शिकत आहे, त्याला कोणी शिकवीत आहे की नाही, आणि त्याच्या शिकण्याशी आपल्या प्रकृतीचा काय संबंध आहे, याचा विचार आज आपण करणार आहो.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू. आपल्या वाडवडिलांच्या काळी दवाखान्यात कंपौंडर असे. खलबत्त्यात भुकटी कुटणे, काट्यावर तोलून पुड्या बांधणे, पातळ औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर मात्रेच्या खुणा करणे, हे त्याचे काम होते. गोमंतकात पणजी येथे 1842 साली वैद्यकीय शाळा निघाली, तिच्यात वैद्यकाबरोबर औषधे तयार करण्याची विद्याही शिकविली जात असे. आजही आमच्याकडील जुनी माणसे औषधाच्या दुकानाला ‘फार्मासी’ म्हणतात. पुढे 1932 साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांनी या विषयाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा पाया घातला. स्वातंत्र्यानंतर 1948 साली फार्मसी कायदा झाला, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधतज्ज्ञानेच द्यावे, असे ठरले.

या मधल्या काळात एक मोठे स्थित्यंतर घडले. औषधे कारखान्यात तयार होऊ लागली. गोळी तयार, मलम तयार, बाटली तयार. खलबत्ता फडताळात गेला, आणि पुष्कळांना वाटू लागले, की आता दुकानातल्या माणसाला खोक्यातून पट्टी काढून देण्यापलीकडे काम ते काय उरले? वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पूर्वीची औषधे सौम्य होती आणि संख्येने थोडी होती. आजची औषधे प्रभावी आहेत, असंख्य आहेत, आणि एकाच माणसाला मधुमेहाची, रक्तदाबाची व गुडघेदुखीची अशी पाच-सहा औषधे एका वेळी चालू असतात. औषध तयार करण्याचे काम गेले, परंतु औषध समजावून देण्याचे काम पूर्वीच्या कितीतरी पट वाढले. हे नवे काम पुस्तकातून येत नाही, प्रयोगशाळेतूनही येत नाही. ते माणसांसमोर उभे राहूनच शिकावे लागते.

आता नियम काय सांगतात ते पाहू. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, चार वर्षांची पदवी, आणि 2008 सालापासून सहा वर्षांचा ‘फार्म. डी.’ हा अभ्यासक्रम, असे औषधशास्त्राच्या शिक्षणाचे मार्ग आपल्या देशात आहेत. ‘फार्म. डी.’चे सहावे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेतील उमेदवारीचे असते. परंतु ज्या पदविकेच्या बळावर आपल्या गावोगावची दुकाने चालतात, तिच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या अभ्यासानंतर किमान पाचशे तासांचे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावे, ते तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीत उरकू नये, आणि त्यातील किमान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरील औषधे देण्यात जावेत, असा नियम आहे. हे शिक्षण रुग्णालयात घेता येते, तसेच परवानाधारक औषधाच्या दुकानातही घेता येते. 1991 सालच्या शिक्षण-नियमांनी आणखी एक शहाणपणाची अट घातली होती: जेथे एकच नोंदणीकृत औषधतज्ज्ञ काम करतो, तेथे दोनपेक्षा अधिक विद्यार्थी घेऊ नयेत. म्हणजे शिकविणाऱ्याची नजर प्रत्येकावर राहावी, हा हेतू उघड आहे.

या तासांचा साधा हिशेब करून पाहू. तीन महिन्यांत आठवड्याचे सहा दिवस धरले, तर सुमारे अठ्ठ्याहत्तर दिवस होतात; रोजचे साडेसहा तास भरतात. औषध देण्याचे अडीचशे तास घेतले, आणि तासाला दहाच माणसे आली असे मानले, तरी एका विद्यार्थ्यापुढून अडीच हजार माणसे जातात. अडीच हजार आजारी माणसांशी, किंवा त्यांच्या आप्तांशी, बोलण्याची संधी! ही संधी वापरली गेली तर विद्यार्थी औषधतज्ज्ञ होऊन बाहेर पडेल. आणि वाया गेली तर केवळ प्रमाणपत्राचा धनी होऊन.

वैद्यकात अशा रुग्णासमोरच्या शिक्षणाला ‘क्लिनिकल’ शिक्षण म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक भाषेतील ‘खाट’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. औषधाच्या दुकानात खाट नसते. तेथे रुग्ण उभा असतो, घाईत असतो, त्याच्या मागे आणखी चार माणसे असतात. आणि पुष्कळदा तर रुग्ण स्वतः आलेलाच नसतो, त्याचा मुलगा, सून किंवा शेजारी आलेला असतो. त्यामुळे येथील शिक्षण रुग्णालयातील शिक्षणापेक्षा सोपे आहे, असे कोणी समजू नये. दोन मिनिटांत नेमका प्रश्न विचारणे, नेमके उत्तर मिळविणे, आणि समोरच्याला घरी जाऊन दुसऱ्याला सांगता येईल अशा शब्दांत सूचना देणे, ही एक स्वतंत्र विद्या आहे.

काही उदाहरणे देतो, म्हणजे यात काय पणाला लागते ते स्पष्ट होईल.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. ते थोड्या मात्रेत आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. परंतु गोळी म्हटली की ती रोज घ्यावयाची, ही आपल्या अंगवळणी पडलेली समजूत. हे औषध चुकून रोज घेतले गेल्यास रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटते, आणि रोग्याच्या प्राणावर बेतते; जगभर असे मृत्यू झाले आहेत. चिठ्ठीवर इंग्रजीत काय लिहिले आहे हे वाचणे ही विद्यार्थ्याच्या कामाची केवळ पहिली पायरी. ‘आठवड्यातून एकदा’ एवढे सांगणेही पुरेसे नाही. वार कोणता, हे रोग्याबरोबर ठरवून ते पाकिटावर मराठीत लिहून देणे, आणि त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेणे, येथे ते काम पुरे होते.

दम्याच्या रोग्याला श्वासावाटे घ्यावयाच्या भुकटीच्या कॅप्सुली मिळतात. त्या एका छोट्या उपकरणात घालून ओढावयाच्या असतात. परंतु कोणी दाखविले नाही तर रोगी त्या पाण्याबरोबर गिळून टाकतो, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलतो. हे उपकरण कसे धरावे, श्वास आधी पूर्ण सोडून मग कसा ओढावा, सुमारे दहा सेकंद कसा रोखून धरावा, औषधात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ का भरावी, हे रिकाम्या उपकरणावर करून दाखवावे लागते. विद्यार्थ्याने ते आधी स्वतः दहा वेळा करून पाहिलेले असले पाहिजे.

लहान मुलांच्या जुलाबावर जीवनजलाची पुडी देतो. मोठी पुडी एक लिटर पाण्यात घालावयाची असते. दोनशे मिलिलिटर पाण्यासाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात. आईने मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर क्षारांचे प्रमाण भलतेच वाढून मुलाला अपाय होतो. म्हणून पुडी हाती ठेवताना ‘घरात कोणते भांडे आहे?’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि उरलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या, हे सांगावे लागते. बाटलीत भुकटी असलेल्या प्रतिजैविकाचेही तसेच. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावयाचे, चांगले हलवावयाचे, सोबतच्या मापानेच पाजावयाचे. घरातला चमचा पाच मिलिलिटरचा असतोच असे नाही.

क्षयरोगाचे उदाहरण तर आपल्या देशात फार महत्त्वाचे. रिफाम्पिसिन हे औषध घेतल्यावर लघवी तांबूस-नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही, तर रोगी घाबरतो, ‘उष्णता झाली’ म्हणतो आणि औषध सोडतो. साध्या क्षयाचे औषधही सहसा सहा महिने चालावयाचे असते. मध्येच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, आणि घरातील इतरांनाही त्याची बाधा होण्याचे भय राहते. 2014 सालच्या मार्चपासून क्षयाची औषधे व अनेक प्रभावी प्रतिजैविके एच-1 या अनुसूचीखाली आली. त्यांच्या विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. 2018 साली क्षयाची औषधे देणाऱ्या दुकानदारांवरही रोग्याची सूचना सरकारला देण्याची जबाबदारी आली. ही वही विद्यार्थ्याच्या हाती दिली पाहिजे, आणि ती कशासाठी आहे हेही त्याला सांगितले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणारा माणूस पुन्हा पुन्हा खोकल्याची बाटली मागावयास आला, तर त्याला बाटली देऊन वाटेला न लावता थुंकी तपासण्यास पाठविणे, हाही त्याच शिक्षणाचा एक पाठ आहे.

श्रोतेहो, मी व्यवसायाने शिक्षक आहे, म्हणून हा प्रश्न मला आमच्या अध्यापक-विद्यालयाच्या रीतीने समजतो. नवा शिक्षक घडविताना त्याला सराव पाठ द्यावे लागतात. तो आदल्या दिवशी पाठाचे टाचण काढतो, खऱ्या शाळेतील खऱ्या मुलांसमोर उभा राहतो, आणि मार्गदर्शक शेवटच्या बाकावर बसून त्याच्या वहीत शेरे लिहितो: प्रश्न संदिग्ध होता, फळ्यावरील अक्षर लहान होते, मागच्या मुलाकडे लक्ष गेले नाही. त्या शेऱ्यांवर चर्चा होते व मग दुसरा पाठ येतो. कोणीही न पाहता, कोणीही शेरा न देता, नुसते वर्गाच्या दाराशी तीन महिने उभे राहून कोणी शिक्षक झाल्याचे ऐकिवात नाही. औषधतज्ज्ञाच्या बाबतीत मात्र आपण पुष्कळदा एवढ्यावरच समाधान मानतो.

किंबहुना कित्येकदा एवढेही होत नाही. प्रमाणपत्रावर पाचशे तास लिहिलेले असतात, दुकानाचा शिक्का असतो, सही असते. पण विद्यार्थी तेथे फारसा फिरकलेलाच नसतो. जो जातो, त्याला पुष्कळ ठिकाणी खोकी उतरवून घेणे, फडताळे पुसणे आणि मुदत संपलेला माल वेगळा काढणे, यातच दिवस काढावे लागतात. मालाची मांडणी व मुदत पाहणे हेही शिकण्यासारखे आहे, यात वाद नाही. परंतु ते पंधरा दिवसांत शिकून होते. उरलेले अडीच महिने कशासाठी आहेत, याचा विसर पडतो.

यात दुकानदाराला एकट्याला दोष देणे न्याय्य होणार नाही. सायंकाळी सात वाजता दुकानात गर्दी लोटलेली असते. नवशिक्याच्या हाती औषध सोपविण्याची जोखीम त्याच्याच परवान्यावर असते. शिकविण्याबद्दल त्याला बहुधा मोबदलाही मिळत नाही. महाविद्यालयातील अध्यापकाला दुकानात फेरी मारण्यास तासिकांतून सवड नसते. आणि पालकांनाही मुलगा लवकर नोंदणी करून कामाला लागावा, असेच वाटत असते. सर्वांची सोय होते. गैरसोय होते ती फक्त त्या रोग्याची, जो पुढे या मुलासमोर चिठ्ठी घेऊन उभा राहणार असतो.

मग उपाय काय? मोठ्या खर्चाची योजना लागेल असे मला वाटत नाही. तीन महिन्यांची शिस्तशीर विभागणी केली तरी पुष्कळ साधेल. पहिले पंधरा दिवस औषधांची मांडणी, साठवण आणि नोंदवह्या यांना द्यावेत. इन्शुलिनची न उघडलेली कुपी दोन ते आठ अंश तपमानात का ठेवावी व ती गोठू का देऊ नये, हे शीतकपाटासमोरच शिकता येते. पुढचा महिना चिठ्ठ्या वाचण्याचा: मात्रा वयाला योग्य आहे काय, दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल दोनदा तर जात नाही ना, एकमेकांसारख्या उच्चाराच्या दोन औषधांत गल्लत तर होत नाही ना, हे पाहावयाचे आणि शंका आल्यास औषधतज्ज्ञाच्या परवानगीने डॉक्टरांना दूरध्वनी करावयाचा. उरलेला दीड महिना रोग्यांशी बोलण्याचा, आणि तोही औषधतज्ज्ञ शेजारी उभा असताना. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी कमी असते. ते दोन तास याच कामासाठी राखून ठेवता येतील.

विद्यार्थ्याने रोज एका रोग्याची हकीकत, नाव न लिहिता, वहीत टिपावी: कोणते औषध होते, मी काय विचारले, काय समजले, मी काय सांगितले, आणि त्याला ते समजले हे मला कशावरून कळले. औषधतज्ज्ञाने त्या पानाखाली रोजच्या रोज शेरा लिहून सही करावी, आणि महाविद्यालयाच्या अध्यापकाने पंधरवड्यातून एकदा ती वही तपासावी. तीन महिन्यांनी एका कागदावर केलेल्या एका सहीपेक्षा अशा सत्तर पानांची किंमत अधिक आहे. ब्रिटनमध्ये चार वर्षांच्या पदवीनंतर संपूर्ण एक वर्ष देखरेखीखाली काम करावे लागते. आपल्याकडेही म्हैसूर व उटी येथे नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णाभिमुख औषधशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. 2015 सालच्या औषध-व्यवसायाच्या नियमांनीही रोग्याला औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची रीत, दुष्परिणाम, साठवण, आणि एखादी वेळ चुकल्यास काय करावे, हे समजावून सांगणे औषधतज्ज्ञाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि 2020 सालच्या पदविका-अभ्यासक्रमात सामुदायिक औषधालय हा विषय आला आहे. कागदावर आलेली ही गोष्ट आता दुकानात उतरली पाहिजे.

आमच्या सीमाभागात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागेल, ती म्हणजे भाषा. सावंतवाडी-दोडामार्गकडील रोगी बांबोळीच्या रुग्णालयात येतो, चंदगडचा रोगी बेळगावास जातो. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानातील बोलणे कोकणीत किंवा कानडीत, आणि रोगी घरी मराठी बोलणारा. अशा ठिकाणी ‘समजले ना?’ असे विचारले की भिडस्त माणूस ‘हो’ म्हणतो. तो ‘हो’ खरा धरून चालत नाही. ‘उपाशीपोटी’ या शब्दाचाही काही जण भलताच अर्थ घेतात. त्यापेक्षा थायरॉइडच्या गोळीबद्दल ‘सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी अर्धा तास’ असे सांगणे बरे. वाचता न येणाऱ्यासाठी पाकिटावर सूर्य व चंद्र काढून देता येतात. विद्यार्थ्याने आपल्या भागातील रोग्यांच्या भाषांतील वीस-पंचवीस वाक्ये तरी या तीन महिन्यांत पाठ करावीत. रसायनांची लांबलचक नावे पाठ करणाऱ्या मुलाला हे जड जाणार नाही.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. औषधतज्ज्ञ हा डॉक्टर नव्हे. निदान करणे, चिठ्ठीतील औषध आपल्या मनाने बदलणे, ओळखीच्या माणसाला चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देणे, हे त्याच्या अधिकारात येत नाही. चांगल्या शिक्षणाने ही मर्यादा पुसट होत नाही, उलट अधिक स्पष्ट होते. ‘हे माझे काम नव्हे, तुम्ही आजच डॉक्टरांकडे जा’ हे वाक्य योग्य वेळी उच्चारता येणे, ही देखील या शिक्षणाची एक कसोटी आहे. तसेच गिऱ्हाइकाचा आजार दुकानाबाहेर न बोलणे, आणि नाजूक प्रश्न हलक्या आवाजात विचारणे, हेही मुलांना येथेच शिकवावे लागते.

आणि आपले, म्हणजे दुकानाच्या अलीकडच्या बाजूला उभ्या असणाऱ्यांचे, यात काहीच काम नाही काय? आहे. पांढऱ्या कोटातील मुलीने ‘काका, आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले, तर ‘तुला काय करायचे आहे?’ असे म्हणून तिला गप्प करू नका. चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर आणा. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल किंवा घरातील बाई गरोदर असेल, तर अंगदुखीची गोळी मागण्याआधी ते सांगा. तिने सांगितलेली सूचना तिला परत म्हणून दाखवा. चुकले असेल तर ती दुरुस्त करील, आणि तिलाही आपले सांगणे पोहोचले की नाही ते कळेल. दुकानात नोंदणीकृत औषधतज्ज्ञ कोण आहेत, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे; त्यांचे नोंदणीपत्र भिंतीवर असते, पण ते स्वतः दुकानात हजर आहेत काय, हे पाहावे.

ज्यांची मुले या अभ्यासक्रमात आहेत, त्या पालकांना शेवटी एकच विनंती. पाचशे तासांचा दाखला मिळवून देणारी ओळख शोधू नका. शिकविणारा औषधतज्ज्ञ शोधा, मग त्याचे दुकान घरापासून दोन गावे लांब का असेना. आणि अनुभवी दुकानदारांनी वर्षातून एक किंवा दोन विद्यार्थी हाताखाली घेऊन त्यांना मनापासून शिकवावे. त्यांच्या शेजारी आज उभा असलेला मुलगा उद्या एखाद्या खेड्यात एकटा उभा राहील. तेथे रात्री नऊ वाजता कोणी तरी मूल कडेवर घेऊन येईल. त्याच्या हातात चिठ्ठी असेल आणि जवळपास डॉक्टर नसेल. त्या वेळी मुलाचे वजन विचारावे, मात्रा पुन्हा तपासावी, आणि मूल निपचित पडले असेल तर बाटली देत न बसता मोठ्या रुग्णालयाची वाट दाखवावी, हे त्याला सुचावयाचे असेल, तर ते आज या दुकानातच शिकविले गेले पाहिजे.